काळी साडी

आईच्या तेराव्याचा हार आणून ठेवला होता. फोटोच सापडत नव्हता.

"लग्नातला नको, बाबा. अलीकडचा द्या," मुलगी म्हणाली. बाबांनी लॅपटॉप उघडला. त्यात दर दिवाळीला काढलेले, बक्षिसं मिळालेले फोटो होते. अंधारात फुलबाजीने रेखलेली कमळं, वेली, मोर.

"सणाला काळं नेसू?" आई दरवर्षी कुरकुरायची.

"नेस गं," बाबा म्हणायचे. "कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं असतं. काळ्यात तू दिसणार नाहीस, नुसता उजेड येईल."

मग ती नेसायची आणि ते सांगतील तशी फुलबाजी फिरवायची.

"यात आई कुठंय?" मुलीने विचारलं.

"सगळ्यांत आहे." बाबा फोटोचा ब्राइटनेस वाढवत गेले. मोर पुसट झाला. शेवटी पांढऱ्याफटक पडद्यावर कुणीच उरलं नाही.