पुलावर पळायचे नाही

पाणी पुलाच्या फळ्यांना खालून थपडा मारू लागले, तेव्हा दगडांनी भरलेली शेवटची गाडी आत गेली. व्हरमाँटच्या त्या खोऱ्यात पद्धतच तशी होती. ऑक्टोबरच्या पुरात लाकडी पूल तरंगून जाऊ नये म्हणून त्यावर दगडांच्या गाड्या उभ्या करायच्या आणि घोडे सोडवून परत यायचे.

ती घेऊन गेलेला आसाहेल अजून परतला नव्हता. त्याची बायको केझाया पुलाच्या तोंडाशी उभी होती. वर छप्पर, दोन्ही अंगांना तिरक्या तुळयांची जाळी आणि तिच्यावर ठोकलेल्या फळ्या. आतल्या अंधारात तिला फक्त घोडीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका दिसत होता. तो पुढे येत होता, पण फार सावकाश.

"पळव ना तिला, आसाहेल."

"पळत नाही. चाबूकही दाखवून झाला." त्याचा आवाज पोकळ आला. "पुलावर पळायचं नाही, हे हिला चांगलं पाठ झालंय. एल्नाथनकाकांची कृपा."

टोल घेणारा म्हातारा एल्नाथन केझायाच्या शेजारीच उभा होता. दुडक्या चालीने पुलाचे सांधे ढिले होतात, म्हणून घोडा पळवणाऱ्याला तो दंड करी. त्यातून कोणी सुटले नव्हते.

"मग सोड तिला अन् तू ये."

"आणि वसंतात नांगराला कुणाला जुंपू, तुला?"

पलीकडच्या टोकाला काहीतरी मोडले. पायाच्या दगडांवरून तुळई हातभर सरकली.

घोडी उजेडात आली. पुढचे पाय मातीवर टेकले, मागचे फळ्यांवर होते, आणि ती काठावरच्या टोलच्या खिडकीपाशी थांबली. रोज टोल देईपर्यंत थांबे तशी. आसाहेलने खांद्याने रेटा दिला. केझायाने दोन्ही हातांनी लगाम ओढला. घोडी हलली नाही. तिच्या मागच्या खुरांखाली फळ्या वर येऊ लागल्या.

"ओढू नकोस, पोरी," म्हणत एल्नाथन टोलच्या खोलीत शिरला. त्याने नेहमीसारखा खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर करून. आसाहेल क्षणभर पाहत राहिला. मग त्याने आपली रिकामी मूठ त्या तळव्यावर टेकवली. म्हाताऱ्याने बोटे मिटली.

घोडी चालू लागली.

तिच्यामागे पूल गाड्यांसकट, छपरासकट उचलला गेला आणि अखंडच्या अखंड नदीच्या वळणाकडे निघाला. लोक काठाने धावले. एल्नाथन खिडकीतच उभा होता. हात अजून बाहेर, मूठ मिटलेली.