ग्लेनिसचं वैर

मॅगपाय मागून आला. आधी पंखांचा आवाज, मग टक्कन वाजलेली चोच, मग कानाच्या पाळीवर चटका. नेव्हिलनं मान खाली घातली नाही की पायडल जोरात मारलं नाही. काळापांढरा पक्षी वळून पुन्हा आला, हेल्मेटवर आपटला आणि तळ्याकाठच्या निलगिरीवर जाऊन बसला. मागून येणाऱ्या दोन सायकलवाल्यांना त्यानं काहीच केलं नाही.

नेव्हिल गोदामात पोचला तेव्हा रक्त कॉलरपर्यंत ओघळलं होतं.

"आज पण मुका घेऊन आला बघा," नळाच्या तोट्या खोक्यात भरता भरता डॅरिल म्हणाला. "अरे बाबा, दारात गाडी उभी आहे ना तुझ्या? क्वीनबियनहून पार बेलकॉननपर्यंत सायकल हाणतोस, या वयात. बरं हाण. निदान हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या तरी उभ्या लाव, पक्षी जवळ येत नाही. सगळे लावतात. लाज वाटते का साळिंदरासारखं दिसायची?"

"राहू दे."

"मग तळ्याच्या पलीकडून ये. तिकडे हा त्रास नाही."

"हाच रस्ता बरा आहे."

डॅरिल पुन्हा तोट्यांकडे वळला. सायकल नेव्हिलच्या बायकोची, ग्लेनिसची होती, हे त्याला माहीत होतं. लाल हेल्मेट, पिवळं जॅकेट, मोठा काळा चष्मा, नाकापर्यंत ओढायचा गळपट्टा, सगळं तिचंच. नवराबायको दोघंही अंगानं बारकी, त्यामुळे नेव्हिलला ते नीट बसलं. वर्षानुवर्षं ती याच रस्त्यानं सायकलवर शाळेच्या कँटीनमध्ये कामाला जायची आणि तो गाडीनं गोदामात यायचा. जूनमध्ये एका सकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसली ती उठलीच नाही.

त्या मॅगपायशी तिचं जुनं वैर होतं. कधीतरी घाबरून तिनं त्याच्यावर हवा भरायचा पंप उगारला होता. तेव्हापासून त्यानं तिलाच धरलं, आणि तिनं त्याचं नाव सार्जंट ठेवलं. मॅगपाय एकदा धरलेलं माणूस विसरत नाही. दर वसंतात संध्याकाळी कानाला औषध लावत ती म्हणायची, "सार्जंटनं आज परत झोडपलं मला. एवढी माणसं जातात खालून, पण मेल्याला मीच दिसते." नेव्हिल पेपरातून डोकं न काढता हं म्हणायचा.

ती गेल्यावर त्यानं सगळ्यांना कळवलं. मुलीला, शाळेला, बँकेला, टेलिफोनवाल्यांना. दातांच्या दवाखान्यातून तिच्या तपासणीची आठवण करायला फोन आला, तर त्या मुलीलाही सांगितलं. ती मुलगी रडायला लागली. नेव्हिलनं तिला पाणी प्यायला सांगितलं आणि फोन ठेवला. त्याला स्वतःला काही होत नव्हतं. जेवण जात होतं. झोप लागत होती. ऑगस्ट संपत आला, इकडचा वसंत लागला, मॅगपायांचे घरट्यांचे दिवस सुरू झाले, तेव्हा त्यानं गॅरेजमधून सायकल काढली आणि चाकांत हवा भरली.

"एक सांगू? रागावू नकोस," संध्याकाळी निघताना डॅरिल म्हणाला. "मी तुझ्या वतीनं त्या मॅगपायची तक्रार केलीय. उद्या सकाळी रेंजर झाडापाशी येतेय. तो खरंच अंगावर येतो असं तिला दिसलं, की पकडून लांब नेऊन सोडतील त्याला. सुटशील एकदाचा."

नेव्हिलनं हातातला खोका खाली ठेवला. ती किती वाजता येणार, हे दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो निलगिरीच्या बराच अलीकडे उतरला. सायकल कुंपणाला टेकवली. हेल्मेट, चष्मा, गळपट्टा आणि जॅकेट काढून हँडलला अडकवलं आणि शर्टावरच चालत पुढे गेला. थंडी होती.

रेंजरबाई झाडाखाली उभी होती. टॅम्सिन तिचं नाव. तरुण होती, डोक्यावर रुंद टोपी होती.

"तुम्हीच नेव्हिल ना? तुमच्या मित्रानं फार काळजीनं फोन केला होता. कुठे आहे तो गुंड?"

नेव्हिलनं वर बोट दाखवलं. पक्षी फांदीवर बसला होता.

"तुम्ही एकदा खालून जाऊन दाखवता का? मी लांबून बघते."

तो झाडाखालून गेला. मग परत आला. मग मध्येच थांबून, चेहरा वर करून उभा राहिला. मॅगपायनं मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं आणि पंखात चोच खुपसली.

"कमाल आहे," टॅम्सिन म्हणाली. "मग तुमच्या कानाला काय झालं?"

"दाढी करताना लागलं."

तिनं त्याच्या छातीपर्यंत वाढलेल्या दाढीकडे पाहिलं.

"याचं तुमच्याशी काही वैर दिसत नाही."

"माझ्याशी कधीच नव्हतं," नेव्हिल म्हणाला.

"मग राहू दे त्याला इथेच. पिल्लं मोठी झाली की हे असंही शांत होतात." ती गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "काहीतरी गरम घाला अंगात, काका. गारठलात."

गाडी वळणाआड जाईपर्यंत तो थांबला. मग कुंपणापाशी परत गेला. जॅकेट घातलं. गळपट्टा नाकावर ओढला, चष्मा लावला, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसवला. सायकलवर चढून हळू, अगदी हळू झाडाच्या दिशेनं निघाला.

फांदी हलली. मागे पंखांचा आवाज आला. नेव्हिलनं पायडल मारणं थांबवलं आणि सायकल तशीच जाऊ दिली. ग्लेनिस गेली हे ज्याला अजून कळलं नव्हतं, असा साऱ्या शहरात हा एकच उरला होता.