पडद्याचा वरचा अर्धा

दुरुस्तीवाल्याने काडेपेटीएवढी टेप मशीनमध्ये सारली आणि पडद्याचा वरचा अर्धा भाग चौकोनाचौकोनांनी भरून गेला. खालचा मात्र स्वच्छ. फरशीवर दोन गुबगुबीत पावलं, त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसलेलं कुणीतरी. कमरेच्या वर नुसता पिवळा चुरा. आवाजाला उचकी लागलेली.

"हा माझा नवरा," सून म्हणाली. "पहिल्यांदा चालतोय. वाढदिवसाला त्याला नीट करून द्यायचीय."

"आणि त्या पिवळ्या चौकोनांत मी," नातीला, चिंगीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "दहाव्या महिन्यात चालला. सरळ माझ्याकडे."

हे वाक्य सुनेला लग्नापासून पाठ होतं. पण चार महिन्यांपूर्वी तिचं ऑफिस पुन्हा सुरू झालं आणि ते टोचायला लागलं. चिंगीला झोप लागायची ती आजीच्या खांद्यावर. घास उतरायचा तो आजीच्या हातून. संध्याकाळी सून दारात चपला काढेपर्यंत पोर एकदा तिच्याकडे बघायची आणि पुन्हा आजीच्या गळ्यात पडायची, जणू कुणी पत्ता विचारायला आलंय.

"चालली का आज?" सून रोज विचारायची.

"छे गं, कुठली! अजून धरून धरूनच," सासूबाई रोज सांगायच्या.

आत्ता मांडीवरून लोंबणाऱ्या चिंगीच्या बुटांचे तळ सुनेला दिसले. पंधरा दिवसांपूर्वी तिनेच आणलेले बूट. चवड्याशी घासून पार पांढरे पडलेले. धरून धरून चालणाऱ्या पोरीचे बूट असे झिजत नाहीत.

म्हणजे चालते. माझ्या माघारी चालते. आणि हे यांनी एकटीने पाहिलं, एकटीने ठेवून घेतलं.

"टेप खराब नाही," दुरुस्तीवाला मान वर न करता म्हणाला. "मशीन पुसून घेतलं तरी चौकोन तसेच. ही ज्या कॅमेऱ्यात भरली ना, त्याचीच चाल जरा तिरकी होती. तुम्ही टेपबरोबर घरून आणलाय, तो हा कॅमेरा नव्हे."

"काहीतरीच काय! घरातलाच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, टेपला आपलं मशीन बरोबर कळतं. हिचं दुसरंच कुठलं तरी होतं."

"मग जाऊबाईंचा असेल." सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "राहू दे गं. एवढा खटाटोप कशाला? पावलं दिसतायत की."

"आलोच आहोत तर होऊन जाऊ दे ना, आई," सून म्हणाली. अगदी गोड आवाजात.

"टेपचं काही करता येत नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "मशीनच थोडं वाकडं करायचं. तिच्या वाकडेपणाला जुळेल इतकंच." त्याने बारीक स्क्रू-ड्रायव्हर आत घातला आणि पाव वळसा फिरवला. चौकोन थरथरले, विरळ झाले, गेले.

पिवळ्या स्वेटरमध्ये सासूबाई नव्हत्या, त्यांच्या जाऊबाई होत्या.

"आला, आला, काकूकडे आला!" त्यांनी पोराला उचलून गरकन फिरवलं. मग कॅमेरा दाराकडे वळला. दारात पंचवीस वर्षांपूर्वीच्या सासूबाई. खांद्याला पर्स, एक चप्पल पायात, एक हातात. "पाच मिनिटं आधी यायचंस की गं!" जाऊबाई हसत ओरडल्या. "आता काय, झालं चालून!"

सापडल्या, असं सुनेच्या मनात आलं आणि बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पडद्यावरच्या सासूबाईही हसत होत्या. तोंड भरून. डोळे मात्र जाऊबाईंच्या कडेवरच्या पोरावर खिळलेले.

ते डोळे सुनेने ओळखले. रोज संध्याकाळी, चपला काढताना, दाराजवळच्या आरशात तिला ते दिसायचे.

मग सासूबाईंनी चिंगीला अलगद खाली उभं केलं, तिचं तोंड सुनेच्या दिशेने केलं आणि दोन्ही हात काढून घेतले.

चिंगी निघाली. मधल्या खुर्चीला वळसा घातला, जमिनीवरची वायर पाय उचलून ओलांडली आणि सुनेच्या गुडघ्यांना येऊन बिलगली.

"अगं बाई! चालली!" सासूबाई दोन्ही हात गालांवर ठेवून ओरडल्या. "बघ, बघ! पहिल्यांदा! आणि तुझ्याकडेच आली बघ!"

दुरुस्तीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

पहिल्यांदा चालणारं पोर वळसे घालत नाही. वायरी ओलांडत नाही. सुनेने चिंगीला उचललं आणि बुटाचे झिजलेले तळ तळहाताखाली झाकले.

"हो, आई. पहिल्यांदाच."

"कॉपी काढू ना मग?" दुरुस्तीवाल्याने विचारलं. "आरशासारखं लख्ख आलंय."

सासूबाई चिंगीसाठी आणलेल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

"काढा," सून म्हणाली. "पण आधी तो स्क्रू होता तसा करा."

"अहो ताई, वरचं सगळं जाईल!"

"जाऊ दे. पावलं दिसली की झालं. कुणाकडे चाललीत ते माहितीये आम्हाला."

दुरुस्तीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि खांदे उडवून स्क्रू उलटा फिरवला. पिवळा स्वेटर फुटला, चौकोन झाला, चुरा झाला. खाली स्वच्छ फरशीवर दोन पावलं डुगडुगली, सावरली आणि सरळ आईकडे निघाली.