अश्वजितचे निळे झिंगे

काचेच्या टाकीत चार वर्षं खपून अश्वजितनं शोभेच्या झिंग्यांचा नवा रंग काढला होता, निळ्या अंगावर पांढरा पट्टा. महिन्यापूर्वी आंधळगावच्या फाट्यावर तो ट्रकखाली गेला, आणि त्याच्या आईजवळ, रत्नमालेजवळ, एवढे झिंगेच उरले.

परवा टाकीतलं पाणी उतरलेलं दिसलं. नळाच्या पाण्यावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून तिनं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी आत ओतलं. दुसऱ्या दिवशी सगळे झिंगे तळाशी मरून पडले होते.

अश्वजितचा मित्र प्रफुल्ल धावत आला. टाकीजवळची तांब्याची कळशी बघून त्यानं कपाळाला हात लावला. "काकू, तांब्याच्या भांड्यातलं पाणी झिंग्याइले जहर असते!"

रत्नमालेनं कळशी उचलून पोटाशी धरली.



"असं कसं रे बाबू? अश्वजितले तं मी जलमभर हेच पाजलं."