शिकाऊ

गरीब घरच्या मुलींसाठी रुग्णसेवेचं मोफत प्रशिक्षण होतं. गंगापूरची शिवकन्या त्यातूनच शहरातल्या एका दवाखान्यात सहा महिने बिनपगारी राबली. बेडपॅन उचलतानाही तिनं कधी नाक मुरडलं नाही. पुढं इथंच नोकरी लागेल, अशी आशा होती.

शेवटच्या दिवशी तिनं धीर करून विचारलं, तेव्हा हेडसिस्टरांनी नजर चुकवली. "हात चांगलाय गं तुझा. पण उद्या नव्या शिकाऊ मुली येतायत. फुकट माणूस मिळाल्यावर पगारी बाई कोण ठेवतंय?"

डोळे पुसत ती फाटकाबाहेर आली, तर समोर धाकटी बहीण कपड्यांची पिशवी घेऊन उभी.



"अक्का, मुद्दाम सांगितलं नव्हतं तुला. उद्यापासून मी बी तुझ्याच वार्डात हाय."