गाऱ्हाण्यातला दुसरा आवाज

दीप्तीने देव्हाऱ्यासमोर मोबाइल टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबा नारळ घेऊन पाटावर बसले.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून कोणाचा पाय एका जागी ठरत नव्हता. बाइकवरून पडलेल्या सौरभचं, तिच्या धाकट्या भावाचं, आज डोक्याचं ऑपरेशन होतं. आई हॉस्पिटलात त्याच्यापाशी होती. तिनेच फोनवर बजावलं होतं, "आदी देवाक गाऱ्हाणा घाला, मगे येवा."

दीप्ती पीएच.डी. करत होती. विषय, पोथीत नसलेला धर्म. देवापुढे आपल्या बोलीत आपलं दुखणं मांडायचं, हे कुठल्या ग्रंथात सापडणार? म्हणून गाऱ्हाणं रेकॉर्ड करायला वर्षभर ती बाबांच्या मागे लागली होती. "कारणाशिवाय देवाक हाक मारूची नसता," म्हणून ते टाळत. आज कारण मिळालं. तिला क्षणभर चक्क आनंद झाला आणि लगेच स्वतःची किळस आली.

बाबांनी हात जोडले. "बा देवा रवळनाथा, आज ह्यो नारळ तुझ्यापुढे ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

आणि थांबले. दीप्ती मोबाइलच्या स्क्रीनकडे बघत राहिली. गाइडने सांगून ठेवलं होतं, आपण बघायचं, त्यात पडायचं नाही.

"दीप्ते, व्हय म्हाराजा म्हण."

"बाबा, माझा आवाज नकोय रे त्यात. तू पुढे बोल ना."

"पुढे कसा बोलू? दरवेळी तुझी आवस म्हणता, आज ती हॉस्पिटलात. पाठसून कोण व्हय म्हटला नाय, तर देव काय समजतलो? ह्येच्या घरात पोराचा कोणाक काय पडलेला नाय?"

ते पुन्हा सुरुवातीला आले, पुन्हा तिथेच अडले. नारळाची शेंडी उपटत बसले. दीप्तीला त्यांचा राग आला, गाइडचा आला, सौरभच्या बाइकचाही आला.

मोबाइल थरथरला. आईचा मेसेज होता.

"बाबा, त्याला आत नेलं."

बाबा घाईने सावरून बसले. रेकॉर्डिंग चालूच होतं.

"बा देवा रवळनाथा..."

"व्हय म्हाराजा!" दीप्ती जवळजवळ ओरडलीच.

बाबांनी वळून पाहिलं.

"थांब गो," ते म्हणाले. "आदी मागणा तरी सांगूक दी."