सुनेसाठी तोडलेली सुरंगी

“ही सुरंगीपण?” गणपतने कुऱ्हाड खाली टेकवली. “काकी, परत एकदा इचार करा. ह्या झाड तुमच्या सासवेन लायलेला.”

“सासू गेली, सून आसा,” नर्मदा म्हणाली. “घाल घाव.”

गणपत मिठबावातल्या निम्म्या घरांच्या बागा राखायचा, पण असलं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. जे जे घमघमतं ते सगळं काढायचं. रातराणी सकाळीच गेली होती. झेंडूचा वाफा उपटून झाला होता. माजघरातल्या कुंड्या मागीलदारी नेल्या होत्या, कारण ओल्या मातीला बुरशी धरते.

“मगे ऱ्हवतला काय?”

“अबोली, जास्वंद, कर्दळ, कोरफड. वास नाय असली.”

“म्हणजे मुकी बाग.”

“झाडा मुकी बरी. माणूस बोलता ऱ्हवाक होया.”

“आणि तुळस?”

“तुळस ऱ्हवतली. मंजिरी तेवढी खुडून टाकायची.”

“आणि मागची हापूसची कलमा?” गणपत हसला. “ती तोडलास तर अख्खो देवगड तालुको तुमका वाळीत टाकीत.”

“मोहोर आसा तोपर्यंत खिडकी बंद. तू बोलतंस खूप. घाव घाल.”

पहिला घाव बसला तेव्हा नर्मदा घरात गेली. लग्न होऊन आली त्या चैत्रात सासूने याच झाडाच्या फुलांचा वळेसर तिच्या केसांत माळला होता.

नर्मदाचा मुलगा देवेश बोटीवर असायचा, सहा-सहा महिने. सून संचिता कोल्हापूरची. मिठबावच्या शाळेत शिकवायची. घरात दोघीच. महिन्यापूर्वी नर्मदाचा गुडघा धरला म्हणून दोघी देवगडला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. गुडघा बघून झाल्यावर संचिता म्हणाली, “डॉक्टर, मलाही हल्ली दम लागतो.” डॉक्टरांनी तिला एका नळीत फुंकायला लावलं.

“आजी, तुम्हीपण फुंका. सोबत म्हणून,” ते म्हणाले.

नर्मदाने फुंकलं. काटा जरासा हलला आणि थांबला. डॉक्टरांनी आकडा टिपून घेतला. मग ते आणि संचिता बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले.

परतीच्या एसटीत संचिताने सांगितलं. “आई, मला दमा आहे. घाबरू नका. पण घरादारातली झाडं आता बघून निवडावी लागतील. उग्र वास नको, धूप नको, चूलही नको.”

नर्मदाने तिला एकही प्रश्न विचारला नाही. दमा हा शब्द तिने बावन्न वर्षांत उच्चारला नव्हता.

तिच्या आईला दमा होता. आई पहाटेपासून खांबाला पाठ लावून बसलेली असायची. पाहुणे आले की पदराचा बोळा तोंडात कोंबायची. दम्याच्या घरातली मुलगी करून घेणार कोण? नर्मदाला बघायला आले त्या दिवशी आई दोन तास माडाच्या आळ्याशी जाऊन बसली होती. लग्न लागलं आणि तिसऱ्या महिन्यात आई गेली. सासरी नर्मदाने तापाने गेली म्हणून सांगितलं. घरात कुणी खोकलं की ते धुराने, कुणी धापा टाकल्या की त्या चढणीने.

पण संचिताला तोंडात बोळा कोंबून जगायला लावायचं नाही, हे तिने एसटीतच ठरवलं. श्वास मिळाला नाही तर ही पोर कोल्हापूरला निघून जाईल. नाहीतर आईच्या वाटेने जाईल. दोन्हीपेक्षा सुरंगी गेलेली बरी.

पहाटे जाग आली की नर्मदाला घरघर ऐकू यायची. बारीक, शिट्टीसारखी. ती उठून संचिताच्या दाराला कान लावायची. तिथे ती आणखी जवळून ऐकू यायची.

चूल बंद झाली. गॅसवरचा भात तिला बेचव लागायचा, पण तिने तोंड वाकडं केलं नाही. देवासमोर नुसती समई. संचिता सकाळ-संध्याकाळ दम्याचा पंप ओढायची. डॉक्टरांनी वयाच्या खोकल्यासाठी म्हणून नर्मदालाही एक दिला होता.

“आई, एकटीला कंटाळा येतो. आपण दोघी मिळून घेऊ.”

“तुका सोबत म्हणान घेतंय हां. माका काय झालेला नाय.”

“माहीत आहे. ओढा.”

मोहोर गळून कैऱ्या धरल्या. एका पहाटे नर्मदाला जाग आली आणि घरघर ऐकूच आली नाही. ती धडपडत उठली. दाराला कान लावला. काही नाही. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं.

“संचिता! अगो, बोल गो!”

संचिताने दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे झोपेचे. “काय झालं आई?”

“काय नाय. तुझो आवाज बंद झालो.”

संचिता एकदम हसत तिला बिलगली. नर्मदाही हसली. हसताना खोकला आला नाही.

होळीनंतर दोघी पुन्हा देवगडला गेल्या. पुन्हा दोघींनी नळीत फुंकलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि खुर्चीत मागे रेलले. “जवळजवळ दुप्पट! असंच चालू ठेवा. आता काळजी नाही.”

नर्मदाने तिथेच हात जोडले. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. संचिता रिक्षा बघायला बाहेर गेली, तशी नर्मदा कागदांच्या खिडकीशी आली. सुनेच्या तपासणीचा कागद देवेशला दाखवायचा होता.

“बाय, माझ्या सुनेचो कागद दी. संचिता राणे. वय सत्तावीस.”

खिडकीतल्या बाईंनी गठ्ठा दोनदा चाळला. “ह्या नावाचो कागद नाय, आजी. तुमच्या घरातसून दम्याचो पेशंट एकच आसा.”

त्यांनी तो कागद पुढे सरकवला. नर्मदाने चष्मा लावला.

नर्मदा गंगाराम राणे. वय अडुसष्ट.